साक्रीची त्रिस्थळी

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या उतारूंना साक्री माहीत असते ती चहापुरती. एस.टी. स्थानकात शिरते, कंडक्टर "दहा मिनिटं" म्हणून बजावतो, उतारू पाय मोकळे करतात, कोणी कागदात भजी बांधून घेतो आणि गाडी दहिवेलच्या दिशेने निघून जाते. पुढे कोंडाईबारीचा घाट, मग नवापूर, मग गुजरात. या नागपूर–सुरत महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ झाला आहे. पण क्रमांक बदलला म्हणून साक्रीला मुद्दाम उतरणारे काही वाढले नाहीत. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना आम्ही साक्रीला राहतो असे सांगितले, की ते आधी "म्हणजे नेमके कोठे?" असे विचारतात आणि नंतर "तेथे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर देता येते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ दिवाळीच्या सुट्टीत वाचकांपाशी असेल, असे धरून चालतो.

साक्री हा धुळे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचा तालुका. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये हा मुलूख पिंपळनेरच्या नावाने येतो. सह्याद्रीचे फाटे येथे येऊन विसावतात आणि त्यांच्या कुशीतून दोन नद्या निघतात. पांझरा पिंपळनेरवरून वाहत येते. कान साक्रीच्या अंगावरून जाते आणि पुढे पांझरेला मिळते. मग पांझरा धुळे शहरातून जाऊन उत्तरेकडे वळते आणि मुडावदला तापीच्या पदरात पडते. या दोन नद्यांवर साऱ्या तालुक्याचा जीव. इतका, की येथला सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा त्याचे नावसुद्धा 'पांझराकान' असे ठेवले गेले. तो पुढे कित्येक वर्षे बंद राहिला. नद्यांचे नाव मात्र फाटकावर तसेच राहिले.

पाहण्यासारखे म्हणाल तर निजामपूरजवळ भामेरचा किल्ला आहे. त्याच्या डोंगरात खोदलेल्या लेण्यांच्या चौकटी दुरून पाहिल्या, की एखाद्या चाळीच्या खिडक्यांसारख्या दिसतात. बळसाण्याला जुन्या दगडी देवळांचे अवशेष आहेत. आमळीला कन्हैयालाल महाराजांचे देऊळ आहे. कार्तिकी एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. उत्तरेकडे छडवेल-ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रानच उठले आहे, आणि शिवाजीनगरला २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. म्हणजे वारा, ऊन आणि दगड या तिन्ही गोष्टी येथे मुबलक. कमी आहे ते पाणी.

आणि मला तर आज सांगायचे आहे ते एका पाण्यातल्या खेळाबद्दल! निदान त्याचा पहिला तिसरा हिस्सा तरी पाण्यात आहे. या खेळाला इंग्रजीत ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचे, अंग पुसण्याची उसंत न घेता सायकलीवर बसायचे, आणि सायकल टेकवून लगेच धावत सुटायचे. तिन्ही मिळून शर्यत एकच आणि घड्याळही एकच. कपडे बदलण्यात गेलेला वेळसुद्धा त्यातच धरतात. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत २००० साली सिडनीला प्रथम आली. तेथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे. याची बरोबर निम्मी ती छोटी शर्यत: साडेसातशे मीटर, वीस किलोमीटर आणि पाच किलोमीटर. संसारी माणसाने, नोकरी सांभाळून, घरच्यांचे बोलणे खाऊन करावी अशी हीच.

आपल्याकडे एक ना धड भाराभर चिंध्या अशी म्हण आहे. या खेळाबद्दल प्रथम ऐकले तेव्हा मला ती आठवली. उत्तम पोहणारा पोहतो, उत्तम धावणारा धावतो. ज्याला काहीच धड येत नाही त्याच्यासाठी तिन्हींचे कडबोळे कोणी केले असावे? चौकशी केल्यावर कळले, की हा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सान डिएगोच्या मिशन बे या खाडीवर तेथल्या एका धावपटू मंडळाने ही शर्यत प्रथम भरवली. जॅक जॉनस्टन आणि डॉन शानाहन ही तिच्या कर्त्यांची नावे. स्पर्धक सारे ४६. कामावरून सुटून संध्याकाळी आलेली ही माणसे. त्यांत आरमारातले एक अधिकारी, जॉन कॉलिन्स, सहकुटुंब आले होते. पुढे ते हवाई बेटांत गेले आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांच्या पुढाकाराने 'आयर्नमॅन' नावाची लांब पल्ल्याची शर्यत झाली. पंधराजण उतरले, बाराजण शेवटपर्यंत पोहोचले. आज जगभर ज्या खेळाचा एवढा बोलबाला आहे, त्याचा जन्म असा घरगुती आहे. एखाद्या गल्लीतल्या गणेशोत्सवासारखा.

आपल्या मराठी मुलखातही या वेडाची लागण झाल्याला आता बरीच वर्षे झाली. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल-शर्यत दोघांत मिळून पुरी केली. त्याच वर्षी मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नाशीत झुरिकची आयर्नमॅन केली. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या पल्ल्याची, म्हणजे एकूण ११३ किलोमीटरची आयर्नमॅन शर्यत झाली. अशा बातम्या वाचून साक्रीतल्या आम्हा सातजणांच्या डोक्यात जे आले ते एवढेच, की एकशे तेरा जाऊ द्या, पण पावणेसव्वीस किलोमीटर आपल्या गावात का होऊ नयेत?

सातजण म्हणजे कोण? बँकेतले एक गृहस्थ. औषधाच्या दुकानाचे मालक. प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका. सायकल-दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक चाचा. कॉलेजातले दोन विद्यार्थी. आणि मराठीचा अध्यापक असलेला मी. वये एकोणीसपासून बावन्नपर्यंत. एकाचेही अंग खेळाडूचे म्हणता येईल असे नव्हते. नाही म्हणायला त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचे होते. पण त्याच्याबद्दल पुढे.

आता पहिला प्रश्न पाण्याचा. तालुक्यात धरणे आहेत. पिंपळनेरजवळ पांझरेवर लाटीपाडा, कानेवर मालनगाव, जामखेली नदीवर जामखेली, आणि धुळ्याच्या बाजूला पांझरेवर अक्कलपाडा. पण धरणाचे पाणी हे परके पाणी. त्याचा तळ दिसत नाही, गाळात पाय रुततात, आणि पोहायला गेलेली मुले परत आली नाहीत अशी बातमी दर उन्हाळ्यात कोठून ना कोठून येते. शेततळ्याचे पाणी तर त्याहून फसवे. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की चांगल्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. म्हणून आमच्या मंडळींनी एकमताने ठरवले: विहीर.

खानदेशातल्या माणसाला पोहणे शिकवले ते विहिरीने. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, काकाने किंवा मामाने काठावरून ढकलून द्यायचे, आणि नाकातोंडात पाणी जाऊन पोर वर आले की "शिकला!" असे जाहीर करायचे. भोपळ्याच्या जागी पुढे मोटारीची ट्यूब आली. पण आता बोअर झाले. सहा इंची बोअरमध्ये कोण कोणाला ढकलणार? त्यामुळे आजोबांना पोहता येते, वडिलांना जेमतेम येते आणि नातवाला येत नाही, अशी घरे आमच्याकडे पुष्कळ झाली आहेत. धरणे वाढली आणि पोहणारे कमी झाले, हा काही चांगला हिशेब नव्हे. शिक्षिकाबाईंचे या शर्यतीत येण्याचे कारण हेच होते. माहेरच्या विहिरीत त्या लहानपणी पोहायला शिकल्या होत्या. लग्नानंतर वीस वर्षे पाण्यात उतरल्या नव्हत्या. "माझ्या वर्गातल्या मुलींना मी सांगते, पोहायला शिका. मग मला येतं हे त्यांना दिसायला नको का?" असे त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कोणाचेच कारण इतके चांगले नव्हते.

कान नदीच्या काठच्या एका मळ्यात चाळीस फूट रुंदीची जुनी दगडी बांधणीची विहीर आहे. मालकांना सारे आप्पा म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या घरात. विहीर मागायला गेलो तेव्हा त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "सर, बक्षिस कितलं भेटी?"

बक्षीस काही नाही, असे सांगितले.

"काहीच नही? मंग काब्रं पयतस?"

अहिराणीत ळचा य होतो, हे माहीत नसलेल्या वाचकांसाठी सांगतो: "मग कशासाठी पळता?" असा हा प्रश्न. धावण्याचा सराव करताना रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांनी "मांगे कोन लागनं?" असे विचारलेलेच होते. म्हणजे माणूस पळतो तो एक तर कोणी मागे लागले म्हणून, नाहीतर पुढे काही मिळणार म्हणून. तिसरे कारण काय? मी म्हटले, "हौस, आप्पा."

आप्पा हसले. म्हणाले, हौस असेल तर विहीर घ्या. आणि मग त्यांनी तारुण्यात यात्रेतल्या बारागाड्यांना हात लावला होता त्याची गोष्ट सांगितली. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसे बसवायची आणि भगताने त्या ओढायच्या, असा हा खानदेशातला यात्रेचा प्रकार. त्यात बक्षीस नसते. नवस असतो, मान असतो आणि हौस असते. कुस्त्यांची दंगल तशीच. तेथे नारळावर कुस्ती लागते आणि पैलवान जीव तोडून लढतो. आम्हाला वाटत होते की आपण गावात काही नवे आणतो आहोत. गावाला ते जुनेच होते. फक्त त्यात सायकल नव्हती.

पण आप्पांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला पुढे बरेच दिवस सोडीना. हौशी खेळाडू हा शब्द आपण इंग्रजीवरून घेतला. त्या शब्दाचा इतिहास फारसा गोड नाही. इंग्लंडात हेन्ली येथे नौकांच्या प्रसिद्ध शर्यती होतात. तेथे १८७९ साली हौशी कोण याची व्याख्या केली गेली. जो मजुरीवर पोट भरतो, कारागीर आहे किंवा कामकरी आहे, तो हौशी नव्हे, असा नियम झाला. म्हणजे पैसे घेऊन वल्ही मारणारा बाद, हे समजण्यासारखे आहे. पण दुसरेच कसले अंगमेहनतीचे काम करणारासुद्धा बाद! १९२० साली जॉन केली या अमेरिकन नौकापटूचा अर्ज तेथे नाकारला गेला. त्याच्या क्लबवरचा जुना राग हे त्याचे एक कारण होते, आणि केली गवंडीकाम करी हेही एक कारण होते. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. पुढे मोनाकोची राणी झालेली नटी ग्रेस केली ही त्याचीच मुलगी. हेन्लीचा तो नियम १९३० नंतरच्या दशकाअखेर गेला. पण नियम गेला म्हणून त्यामागची समजूत जाते असे नाही. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने पहाटे धावावे ती हौस. दिवसभर राबणाऱ्याला कसली आली हौस, असे आपण आजही मनातल्या मनात म्हणतोच.

साक्री तालुक्यात राबणारी अंगे मोजायला बसले तर दिवस पुरायचे नाहीत. ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन निघतात आणि सारा मुलूख पायांखाली घालतात. त्यांच्या एका मोसमाच्या चालीपुढे आमचे पाच किलोमीटर म्हणजे अंगण. पश्चिम पट्ट्यातल्या कोकणी आणि भिल्ल पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला बारडोलीकडच्या मुलखात जातात. पिंपळनेरकडे कांद्याच्या गोण्या पाठीवरून चढवणारे हमाल आहेत. त्यांना कोणी विचारले नाही, की तुम्ही कोणत्या वेळेत आलात?

आमच्यातला तो दुसरा विद्यार्थी अशाच एका पाड्यावरचा. वय एकोणीस. गेली तीन वर्षे तो दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर उसाला जातो आणि परीक्षेच्या वेळी परत येतो. शर्यतीची तारीख ठरवायला बसलो तेव्हा औषधवाले म्हणाले, डिसेंबरात घेऊ, थंडी बरी असते. तो मुलगा काही बोलला नाही. चाचांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "डिसेंबरात हा नसेल."

मग हिशेब मांडला तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. साक्रीत ही शर्यत होण्यासारखे दिवस वर्षातून जेमतेम पंधरा-वीस. पावसाळ्यात विहीर गढूळ आणि वारा उधाणलेला. ज्या नैर्ऋत्य वाऱ्यावर ब्राह्मणवेलची पाती गरगरा फिरतात, तोच समोरून आला की सायकल जागची हलत नाही. दिवाळीनंतर रब्बीची मोटर सुरू होते आणि विहिरीचे पाणी पायरी-पायरीने उतरू लागते. होळीनंतर तर खाली डबके. आणि माणसे? ती दिवाळीपर्यंतच घरी. म्हणजे पाणी, वारा आणि माणूस ही तिन्ही जागेवर असतात ती दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये. तारीख आम्ही ठरवली असे म्हणण्यापेक्षा ती मुलखाने ठरवून ठेवली होती. गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी सात माणसे आप्पांच्या मळ्यात जमली, ती याच हिशेबाने.

आता विहिरीतले गणित. चाळीस फूट म्हणजे सुमारे बारा मीटर. साडेसातशे मीटर व्हायला साडेबासष्ट खेपा. आम्ही त्रेसष्ट धरल्या. एका वेळी दोघांनीच पोहायचे, नाहीतर डोक्याला डोके लागणार. म्हणून जो सर्वांत हळू त्याने सर्वांत आधी उतरायचे असे ठरले, म्हणजे रस्त्यावर सारे थोड्याफार अंतराने बरोबर येतील. प्रत्येकाची वेळ वेगळी मोजायची. आप्पा पायऱ्यांवर बसले. एका हातात दोर, दुसऱ्या हाताखाली फुगवलेली ट्यूब. त्यांची नात वरून खेपा मोजत होती आणि दर दहा खेपांना एक गोटी बाजूला ठेवत होती. सान डिएगोला याहून फार निराळे काही झाले असेल असे मला वाटत नाही.

पोहणे आधी का, याचे उत्तर पाण्यात उतरल्यावर कळते. दमलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही. म्हणून अंग ताजे असते तेव्हाच पाणी उरकून घ्यायचे. विहिरीचे पाणी ऑक्टोबरातही पहाटे गार असते. पहिल्या पाच खेपांत श्वास आखडतो, मग हळूहळू लय सापडते. दगडी भिंतीला पाय लावून रेटा दिला की दोन-तीन हात फुकट मिळतात, हा विहिरीचा फायदा तलावाला नाही. वर पाहिले की आकाशाचा गोल तुकडा आणि कडेने वाकलेली चार डोकी. शिक्षिकाबाईंच्या शाळेतल्या सहा-सात मुली आल्या होत्या. बाई पूर्ण पोशाखात पोहत होत्या आणि मुली वरून ओरडत होत्या, "बाई, अजून बारा! बाई, अजून अकरा!" बाईंना बावीस मिनिटे लागली, मला सत्तावीस. त्या मुलाला पंधरा. तो पाण्यात शिरला की आवाजच होत नसे. धरणाच्या काठी वाढलेले पोर ते.

विहिरीतून वर येऊन सायकलीवर बसायचे, हा या खेळाचा सर्वांत विनोदी भाग. ओल्या अंगाला बनियन चिकटते, मोजे वर चढत नाहीत, आणि घड्याळ तर चालूच असते. महामार्गावर मालमोटारींची रांग कधी तुटत नाही, म्हणून आम्ही पिंपळनेरची वाट धरली होती. दहा किलोमीटर जायचे आणि तेथून परत. शिरस्त्राण घातल्यावाचून सायकलीला हात लावायचा नाही, आणि पुढच्याच्या पाठीमागे चिकटून त्याच्या आडोशाने जायचे नाही, हे मोठ्या शर्यतींतले दोन नियम आम्हीही ठेवले. वारा कापण्याचे काम पुढच्याने करायचे आणि मागच्याने फुकट यायचे, हे हौशी शर्यतीत बसत नाही.

सकाळची ती वाट मी आजन्म विसरणार नाही. दोन्ही अंगांना कपाशीची बोंडे फुटू लागलेली, बाजरी काढून झालेली, मक्याची कणसे वाळत पडलेली, आणि समोर सह्याद्रीचे फाटे निळ्या रंगाचे. एरवी एस.टी.च्या खिडकीतून हे सारे मागे पळते. सायकलीवर ते आपल्याबरोबर चालते. बँकेतल्या गृहस्थांची सायकल हलकी, गिअरची, पुण्याहून आणलेली. ते चाळीस मिनिटांत जाऊन आले. मुलाची सायकल चाचांनी दुकानातल्या सुट्या भागांतून जुळवून दिलेली, काळी, दणकट, दुधाच्या किटल्या लटकवाव्यात अशी. त्याला छप्पन्न मिनिटे लागली. विहिरीत मिळवलेली मिनिटे रस्त्यावर गेली, आणि वर आणखी बारा-तेरा गेली.

सायकलीवरून उतरून धावायला लागले की पाय आपले नसतात. तेच स्नायू, पण काम निराळे. अर्धा-पाऊण किलोमीटर गुडघे जणू दुसऱ्याच कोणाचे. आमची धावण्याची वाट पाटाच्या कडेने होती. पाट म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचे पाणी शेतात नेणारा कालवा. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत ही काही शतकांची जुनी. बंधाऱ्याखालच्या साऱ्या जमिनीचे तीन-चार फड करायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची पाळी बदलायची, आणि पाणी कोणाला किती द्यायचे ते गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने ठरवायचे. ज्याचे शेत टोकाला त्याचेही पीक बुडू नये, ही त्यातली खुबी. वर धरणे झाली, विहिरी-मोटारी आल्या आणि ही रीत बरीच मोडली. पण पाटाची वाट सपाट आणि सावलीची, आणि धावणाऱ्याला तेवढे पुरते. मी छत्तीस मिनिटे घेतली. त्या अवधीत तो मुलगा मला मागून येऊन मागे टाकून गेला, "सर, चला!" म्हणाला, ते आदराने म्हणाला की दयेने, हे विचारायला मला दम नव्हता. त्याने पाच किलोमीटर एकोणीस मिनिटांत काढले.

कपडे बदलण्याचा वेळ धरून बँकेतले गृहस्थ एक तास एकोणतीस मिनिटे. मुलगा एक तास एक्याण्णव… नव्हे, एकूण एक्याण्णव मिनिटे, म्हणजे एक तास एकतीस. दोन मिनिटांनी दुसरा. शिक्षिकाबाई एक तास बावन्न. मी दोन तास एक मिनिट, सातांत सहावा. सातवे औषधवाले, त्यांना मध्येच दुकानाची किल्ली द्यायला थांबावे लागले असे ते अजून सांगतात. आप्पांच्या घरून कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा आला. इतके चविष्ट जेवण शर्यत न करताही मिळाले असते. पण इतकी भूक मिळाली नसती.

जेवताना बँकेतल्या गृहस्थांनी त्या मुलाला विचारले, "दमलास का रे?" तो म्हणाला, "दमनू ना. पन बरं वाटनं." मग थोडा वेळ भाकरी मोडीत राहिला आणि म्हणाला, "तठे मोया मोजतस, आठे मिन्टं मोजात."

मोया म्हणजे उसाच्या मोळ्या. तेथे मोळ्या मोजतात, येथे मिनिटे मोजली. तेथेही तो दमतो, कदाचित जास्तच. पण तेथले दमणे वजनकाट्यावर जाते आणि उचलीच्या हिशेबात वळते होते. त्या रविवारचे दमणे त्याचे स्वतःचे होते. हेन्लीच्या शिष्टांना हे कळले नव्हते. ज्याचे अंग रोज दुसऱ्यासाठी झिजते, त्यालाच ते एक दिवस स्वतःसाठी झिजवण्याची गोडी अधिक. आप्पांना ते माहीत होते. म्हणून तर त्यांनी विहीर दिली.

दिवाळी झाली आणि तो गेला. मोटारी सुरू झाल्या, विहीर उतरली. उन्हाळ्यात शिक्षिकाबाईंनी उरलेल्या पाण्यात अकरा मुलींना पोहायला शिकवले. कमरेला दोर, वर आप्पा. त्यांतल्या चौघी आता काठाला न धरता पलीकडे जातात.

वाचकांपैकी कोणाला हे वाचून हुरूप आला असेल तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चाळिशी उलटलेली असेल तर आधी डॉक्टरांना छाती दाखवावी. आणि काहीही झाले तरी एकट्याने पाण्यात उतरू नये. बाकी लागते ते फार थोडे. एक जुनी सायकल, एक विहीर, आणि त्या विहिरीवर दोर धरून बसणारा एक आप्पा. तिसरी गोष्ट शहरात मिळणे कठीण, हे मला ठाऊक आहे. म्हणून दसरा-दिवाळीच्या मध्ये कधी सुरतेच्या वाटेने जाणे झाले, तर चहा घेऊन तसेच पुढे जाऊ नका. उतरा. पाहण्यासारखे काय आहे, ते आम्ही दाखवू.

यंदा पाऊस बरा झाला. विहीर वरून तिसऱ्या पायरीपर्यंत भरली आहे. मुलगा मे महिन्यातच परत आला होता. यंदाची तारीख त्यानेच ठरवली. आम्ही आता बाराजण आहोत. मात्र त्याने एक अट घातली आहे: सर्वांनी चाचांच्या दुकानातल्या बिनगिअरच्या सायकली घ्यायच्या. अकराजणांनी ती मान्य केली आहे. बँकेतल्या गृहस्थांचा होकार अजून यायचा आहे.